घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर जातोय, रेडिएटर बदलायच्या आधी काय बघायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इचलकरंजीच्या एका भावानं २००४ ची टेंपो ट्रॅव्हलर घेऊन गेल्या वर्षी तिचं फिरतं घर केलंय, आत बेड, ओटा, मागे छोटी मोरी, टपावर सोलर, आणि आंघोळीच्या गरम पाण्यासाठी इंजिनचंच कूलंट पाइपनं मागे नेऊन टाकीतल्या कॉइलमधून फिरवलंय. मालवणहून परत येताना फोंडा घाटात काटा लाल रेघेला टेकला, त्यानं गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद केलं, अर्ध्या तासानं झाकण उघडून पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या आणि कशीबशी राधानगरी गाठली. पुण्याच्या हायवेला मात्र गाडी तापत नाही. कूलंट तपकिरी झालंय, आठवड्याला अर्धा लिटर कमी होतं, खाली थेंब दिसत नाही. मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) काढून टाका आणि रेडिएटर नवीन घाला, १८ हजार. ह्याचा प्रश्न असा की कूलंट घरी बदलता येईल का आणि रेडिएटर घ्यावा का.

भावा, तू तिशीच्या आतला दिसतोस आणि माझी साठी जवळ आलीय म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नको. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३० वर्षं इंजिनं खोलतोय, आधी शेतावरची ऑइल इंजिनं, मग गाड्या, आणि सहा वर्षांपूर्वी अशीच एक जुनी ट्रॅव्हलर स्वतःसाठी घर करून घेतली, त्यामुळे तुझं दुखणं मला आतून माहीत आहे. कूलंट बदलणं घरी जमतं, एका रविवारचं काम आहे. पण गाडी नेमकी कधी तापते, हे आधी बघायला पाहिजे, आणि ते तूच अर्धं लिहून ठेवलंयस. हायवेला नाही, घाटात हो. ह्या एका वाक्यावरून मी तरी १८ हजाराचा रेडिएटर आज घेणार नाही.

का ते सांगतो. डिझेल जळून जी उष्णता होते त्यातला ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकाला मिळतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि राहिलेला कूलंटला बाहेर काढावा लागतो. हायवेला ७० च्या स्पीडला वारा आपोआप रेडिएटरमधून घुसतो, फॅन नसला तरी चालून जाईल. घाटात सेकंड गिअरला १५-२० चा स्पीड, वारा जवळजवळ नाहीच, इंजिन मात्र फुल लोडवर, म्हणजे सगळा भार फॅनवर आणि रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीवर. म्हणून घाटातच तापणारी गाडी आली की मी आधी हवा बघतो. उलट सपाट रस्त्यावर स्पीडला अर्धा-एक तास पळवल्यावर काटा हळूहळू चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पंप पाणी फिरवत नाही. सिग्नलला उभी राहिल्यावर तापते आणि निघाली की उतरते, तर फॅन. थंडगार इंजिन चालू करून पाच-सात मिनिटांत तापते, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पाणीच नाही. हे शंभर टक्के पक्कं नसतं हे कबूल करतो, कारण अर्धवट चोंदलेला रेडिएटरही आधी घाटातच उघडा पडतो. तरी कुठून सुरुवात करायची ते ह्यावरून ठरतं.

अजून एक गोष्ट तुझ्या गाडीवर अवलंबून आहे, वजन. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, वर प्लाय, बॅटऱ्या, सिलिंडर, सोलर, टपावरचं सामान. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर ने आणि आरसी बुकातल्या भरलेल्या वजनाच्या आकड्याशी ताडून बघ. वजन त्याच्या वर असेल तर कूलिंगला दोष देऊन उपयोग नाही, आधी सामान उतरव.

आता हवा. पुढची जाळी काढून टॉर्च घेऊन आत बघ. आपल्याकडे गाळप चालू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचट, भुसा, धूळ सगळं उडतं आणि जाऊन बसतं ते एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या बोटभर फटीत. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागे गोधडी साठलेली असते. गेल्या हंगामात एक गाडी आली होती, रेडिएटर बदलायलाच आणलेली, दोन बोल्ट सोडून कंडेन्सर पुढे झुकवला तर पाचटाची पाती, किडे आणि ऑइलचा मळ मिळून घोंगडीसारखा एकसंध पापुद्रा निघाला, हातात धरून उचलता आला. रेडिएटर तोच ठेवला, आजही चालतोय. कंडेन्सर झुकवताना एसीचे पाइप ताणू नको. धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मार, म्हणजे घाण आली त्या वाटेनं परत जाते. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारू नको, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, फिन्स, आडव्या पडतात आणि मग हवा कायमची बंद. बागेचा पाइप आणि अर्धा तास सबुरी पुरते.

मग फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं, श्राउड, जागेवर आहे का बघ. जुन्या गाडीत ते तुटलं की काढून फेकतात, आणि मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा जागेवर घुसळत बसतो. फॅनचा बेल्ट अंगठ्यानं दाब, मधोमध साधारण १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे, बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर तो ताण दिला तरी घसरणार, बदलून टाक. फॅन व्हिस्कस, म्हणजे आत घट्ट तेलाचा क्लच असलेला, असेल तर इंजिन बंद असताना हातानं फिरवून बघ. थंड असताना थोडा जड फिरायला पाहिजे, गरम झाल्यावर अजून जड, आणि भिंगरीसारखा मोकळा फिरत राहिला तर त्याचं तेल गेलंय. क्लच नसलेला फिक्स फॅन असेल तर हा प्रश्नच नाही. आणि एक, घर करताना सुतारानं इंजिनच्या कव्हरला आवाज येऊ नये म्हणून जाड फोम लावलाय का, खालून पत्रा मारलाय का ते बघ. रेडिएटरमधून आत आलेल्या गरम हवेला खाली निसटायला वाट नसेल तर पुढून नवी हवा आत येणार कुठून?

आता अर्धा लिटर जातंय कुठं. थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही असं नसतं. पहिला संशय झाकणावर. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखं काम. आपलं कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरवर, इथं साधं उघडं पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं. झाकण ०.९ बारचं असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट असेल तर अजून वर. झाकणाचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग बसली की सिस्टीम प्रेशर धरत नाही, घाटात पाणी आधीच उकळतं आणि वाफ होऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर निघून जातं, घरी आल्यावर खाली फरशी कोरडी. ह्याच झाकणात आत एक छोटा उलटा वॉल असतो, गाडी थंड होताना ओव्हरफ्लोच्या बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायला. तो अडकला तर सकाळी होज पाइप चपटा झालेला दिसतो. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, मी तर जुनं झाकण तपासत बसत नाही, त्याच आकड्याचं नवीन घालतो. जास्त बारचं मिळतंय म्हणून घालू नको, २० वर्षांच्या होज आणि रेडिएटरला ते सोसत नाही.

दुसरा संशय तुझ्या आंघोळीच्या पाण्यावर. ही कॉइल मीही केली होती, म्हणून कळवळून सांगतो. इंजिनपासून मागे जाऊन परत यायचं म्हणजे आठ-दहा मीटर पाइप, निदान चार जॉइंट, आणि ते सगळे बेडखाली प्लायच्या आत. जॉइंटला घाम आल्यासारखं कूलंट सुटतं आणि प्लाय ते पिऊन टाकतो. बेडखालचा प्लाय हातानं चाचपून बघ, चिकट लागला, गोडसर वास आला तर अर्धा लिटर सापडलं. माझ्या गाडीत वेगळंच झालं. कॉइल रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसली होती, त्यामुळे तिथं हवा अडकून राहायची. करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचेपर्यंत काटा लाल, मी आधी पंप बदलला, मग थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. शेवटी कॉइलच्या सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा छोटा नळ बसवला, तो उघडल्यावर फुस्स करून हवा गेली आणि रेडिएटरमध्ये वरून पावणेदोन लिटर कूलंट अजून मावलं. एवढी जागा इतके दिवस हवेनं अडवली होती. तू आधी कॉइलच्या दोन्ही नळ्या इंजिनजवळ बायपास करून एक चक्कर मारून बघ, पैसे लागत नाहीत.

तिसरा संशय हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड ह्यांच्या मधलं पॅकिंग, आणि ही तपासणी कूलंट बदलायच्या आधी कर. रात्रभर थंड झालेली गाडी, झाकण काढ, चालू कर, तोंडाशी बघ. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असतात, पण रेस केल्यावर सारखे बारीक बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन अजून कोमट पण नाही आणि वरचा होज दगडासारखा टणक, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखं काही लागलंय का तेही बघ. असं निघालं तर इथून पुढचं घरचं काम नाही, हेड उचलून फेसिंग, म्हणजे त्याचा सपाटपणा, तपासायला लागेल.

थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकायचा सल्ला ऐकू नको, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे. तुझं जुनं इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं, त्यात थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. वॉलच काढला तर बायपास कायम उघडा, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनमध्ये फिरतं, घाटात गाडी आणखी तापते आणि हिवाळ्यात तापायचं नाव घेत नाही, डिझेल जास्त पिते. त्यापेक्षा तो काढून घरी पातेल्यात तपास. पाण्यात दोऱ्यानं टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, थर्मामीटर सोडायचा, गॅस बारीक. ८० च्या आसपास उघडायला लागला आणि ९५ च्या आत पूर्ण उघडला तर चांगला आहे. थंड असताना त्याच्या कडेतून उजेड दिसला किंवा अर्धाच उघडून थांबला तर नवीन घे, त्यावर छापलेला अंशांचा आकडा बघूनच घे.

आता कूलंट बदलणं. एक नियम आधी. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरून नाही, हळूहळू सुद्धा नाही. माझ्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा डाग आहे, २६ वर्षांचा असताना घाईत उघडलं होतं, प्रेशर सुटल्याबरोबर आतलं सगळं एकदम उकळून अंगावर येतं, मागं सरायला वेळच मिळत नाही. पोरांना लांब ठेव.

थंड गाडीत रेडिएटरच्या खालचा कॉक उघड आणि इंजिन ब्लॉकचा प्लग पण काढ. बहुतेक जण ब्लॉकचा प्लग सोडतच नाहीत आणि निम्मं घाण पाणी आतच राहतं. तो गंजून बसला असेल तर जोर करून तोडू नको, खालचा होज काढून जेवढं जाईल तेवढं जाऊ दे. जे निघेल ते बादलीत धर आणि लिटरमध्ये मोजून लिहून ठेव, ह्या आकड्याला पुढे महत्त्व आहे. मग थर्मोस्टॅट काढून, बागेच्या पाइपनं उलट्या दिशेनं, म्हणजे रेडिएटरला खालून वर आणि ब्लॉकला वरच्या तोंडातून खाली पाणी सोड, स्वच्छ येईपर्यंत. तपकिरी रंग गंजाचा, म्हणजे कुणीतरी बरीच वर्षं साधं पाणीच घातलंय. लहानपणी शेतावर ऑइल इंजिनला विहिरीचं पाणी जॅकेटमधून जाऊन पाटात पडायचं, ते इंजिन दहा वर्षांनी खोललं की आत बंबाच्या तळाला साठतो तसा पांढरा टणक थर निघायचा, छिन्नीनं काढायला लागायचा. तोच थर तुझ्या ब्लॉकमध्ये बोअरच्या पाण्यानं बसतो आणि लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. हलका असेल तर बाजारात मिळणारा रेडिएटर फ्लश डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ फिरव. रेडिएटरची कोअर, म्हणजे मधल्या नळ्या-जाळी, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कपड्याचा सोडा, अ‍ॅसिड असलं काही घालू नको. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तुझं नशीब चांगलं, तो रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून, नळ्यांतून पट्टी फिरवून साफ होतो, ह्याला रॉडिंग म्हणतात, आणि ते नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. त्याची गरज आहे का हे कळायला टेंपरेचर गन घेऊन गरम रेडिएटरवर आडवी-उभी फिरव, मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

घाण काढल्यावर जुनी भोकं उघडी पडतात हे आधीच सांगतो. गंजानंच बुजलेली एखादी जागा फ्लशनंतर गळायला लागते, ती गळती तुझ्या कामामुळे झाली असं समजून घाबरू नको. तेव्हाच होज सगळे दाबून बघ, कडक, भेगाळलेले, किंवा क्लिपजवळ फुगलेले बदल, आणि पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून ओघळ आलाय का बघ, ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय. हळद घालून गळती थांबवायचा उपाय रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला ठीक आहे, पण नंतर ती हळद धुऊन काढ, नाहीतर गळक्या नळीबरोबर चांगल्या नळ्याही बुजतात.

भरताना नळाचं पाणी नको, बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड मिळतं ते घे. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, असेल तर निम्मं-निम्मं, रेडी मिक्स असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालायचं नाही, डबा नीट वाच. काही जण म्हणतात कोल्हापुरात कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला. ते गोठण्यासाठी नव्हे, गंज आणि उकळणं थांबवण्यासाठी घालायचं. आणि जास्त घातलं तर जास्त थंड असंही नाही, उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस आहे, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर गाडी जास्त तापेल. हिरवं, लाल, निळं ह्या रंगावर जाऊ नको, रंग कंपनीगणिक वेगळे, दोन जातींचं मिसळलं तर काही वेळा जेली होते. एकच जात धर आणि तारीख झाकणाजवळ लिहून ठेव. ज्यांचं घर मोठ्या बसवर आहे आणि इंजिन वेट लायनरचं, म्हणजे सिलिंडरची नळी बाहेरून थेट पाण्यात असलेलं, आहे त्यांनी तर साधं पाणी कधीच वापरू नये, लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडत जातात आणि शेवटी पाणी ऑइलमध्ये उतरतं.

थर्मोस्टॅट आणि प्लग परत बसवून गाडीचं तोंड चढावर करून उभी कर, हीटर असेल तर फुल गरमवर, कॉइलचा नळ उघडा, आणि हळूहळू भर. मग झाकण न लावता चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांब, वरचा होज एकदम गरम होतो तेव्हा समजायचं, पातळी खाली जाईल तशी भरत जा आणि झाकण लाव. आता तो लिहिलेला आकडा काढ. ९ लिटर निघालं होतं आणि ७ च मावलं तर दोन लिटर हवा आत आहे, परत हवा काढ. पहिल्यापासूनच कमी भरलेली होती हे लक्षात ठेवून निघालं त्यापेक्षा थोडं जास्तच मावायला पाहिजे.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नको रे. ते चवीला गोड असतं, कुत्री, जनावरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. आणि आपली गटारं शेवटी पंचगंगेलाच मिळतात. बंद कॅनमध्ये भरून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला दे.

फोंड्यात तू लगेच इंजिन बंद केलंस, तेवढं पुढच्या वेळी बदल. बेल्ट तुटला असेल, वाफ फुटली असेल, पाणी गेलं असेल तर लगेच बंदच करायचं. पण पाणी आत आहे आणि नुसता काटा चढतोय, तर एसी बंद, हीटर चालू, जागा बघून थांबायचं आणि न्यूट्रलला थोडी रेस ठेवून दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, म्हणजे पंप आणि फॅन फिरत राहून हेडमधली धग निघते. बंद केल्यावर पाणी जागेवर थांबतं आणि हेड अजून तापतं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं म्हणजे हेडला तडा, तू अर्धा तास थांबलास हे बरं केलंस, पण अजून थांबायला पाहिजे होतं. चढताना गिअर खालचा घे, टॉप गिअरमध्ये रडवत चढवू नको, आरपीएम असला की फॅन आणि पंप दोन्ही जोरात चालतात.

सगळं झाल्यावर एकदम कोकणात उतरू नको. सकाळी भरलेली गाडी घेऊन जोतिबाचा डोंगर चढ, वर पोचल्यावर काटा कुठं आहे बघ, गन असेल तर वरच्या आणि खालच्या होजचं टेंपरेचर घे, दुसऱ्या दिवशी थंड गाडीत किती कूलंट कमी झालं ते मोज. वजनकाट्याचा आकडा, निघालेले आणि मावलेले लिटर, आणि सकाळी वरचा होज टणक होतोय की नाही, एवढं इथं लिही, मग रेडिएटरचं ठरवू.